दोन अंशांचा उतार

रेघाताई एकोणपन्नास वर्षांची होती आणि गेल्या वीस वर्षांत तिच्या ड्रॉइंगमध्ये चूक काढायची कुणाची छाती झाली नव्हती. ओतीव लोखंडाच्या भागांची ड्रॉइंगं करणं हे तिचं काम. पंपांची झाकणं, गिअरच्या पेट्या, यंत्रांचे जाडजूड पाय. सगळं आधी तिच्या कॉम्प्युटरवर उमटायचं, मग कागदावर, आणि मग गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ओतकारखान्यात जायचं. हिशोबाला इतकी चोख, की ऑफिसातला शिपाई म्हणे, "ताईंनी नुसता चहा ओतला तरी काठापासून पाच मिलिमीटर मोजून सोडतात."

लग्न राहून गेलं ते गेलंच. धाकट्या बहिणीबरोबर ती दोन खोल्यांत राहायची. बहीण नर्स होती आणि एकदा बोलायला लागली की थांबायचं नाव घेत नसे.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग ओतकारखान्यातले म्हातारे पॅटर्नवाले निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवे मिस्त्री आले.

पॅटर्नवाल्याचं काम तसं नाजूक. ड्रॉइंग बघून तो त्या भागाची लाकडी प्रतिकृती घडवतो. ती वाळूत दाबून बसवतात आणि अलगद वर काढतात. मागे जी पोकळी राहते, तिच्यात वितळलेलं लोखंड ओततात. सगळी गंमत त्या 'अलगद' शब्दात आहे.

नव्या मिस्त्रींकडून रेघाताईचं पहिलंच ड्रॉइंग परत आलं. त्यावर लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, "भिंती सरळसोट उभ्या. पॅटर्न वाळूतून निघायचा कसा? दोन अंश उतार द्या."

रेघाताईचे कान तापले. तिनं खाली निळ्या शाईत लिहिलं, "आधीचे मिस्त्री न सांगता उतार देत असत."

दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. "आधीचे मिस्त्री सोशिक होते. मी नाही."

"बघ ना कसा माणूस आहे!" घरी येऊन तिनं बहिणीला कागद दाखवला.

बहीण म्हणाली, "अक्षर सुंदर आहे गं."

"अक्षराला काय चाटायचंय?"

सकाळी रेघाताईनं सुट्टी टाकली, पर्समध्ये काटकोन तपासायचा गुण्या घातला आणि बसनं थेट ओतकारखाना गाठला. वाटेत तिनं भांडणाची चार वाक्यं पाठ केली. चौथं तर इतकं झणझणीत जमलं होतं की ते पुटपुटताना शेजारची बाई सरकून बसली.

मिस्त्री निघाले पन्नाशीचे, हाडकुळे, भुवयांवर लाकडाचा भुसा. बायको जाऊन आठ वर्षं झालेली, डबा स्वतःच करून आणणारे. रेघाताईनं तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "आलात? बरं झालं. बसा, दाखवतोच."

त्यांनी तिच्या ड्रॉइंगबरहुकूम, सरळ भिंतींचा पॅटर्न मुद्दाम केला होता. तो वाळूत ठोकून बसवला आणि म्हणाले, "काढा."

रेघाताईनं पदर खोचला आणि ओढलं. हलेना. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा दात-ओठ खाऊन हिसका दिला, तसा पॅटर्न सुटला. बरोबर सगळी वाळू घेऊन आला, आणि रेघाताई मागच्या ढिगात धप्पकन बसली. केसांत वाळू, ब्लाऊजमध्ये वाळू, चष्म्यावर वाळू. मग तिला हसू फुटलं. आधी खुदकन, मग असं की पोट धरावं लागलं. मिस्त्री हात द्यायला वाकले आणि हसता हसता स्वतःच शेजारी बसले.

"म्हणजे वीस वर्षं," ती डोळे पुसत म्हणाली, "माझ्या चुका ते म्हातारे गुपचूप दुरुस्त करत होते?"

"आणि तुम्ही बिनचूक!" मिस्त्री म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी तिला भट्टीतलं लोखंड ओतताना दाखवलं. नारिंगी, लखलखतं, दुधासारखं वाहणारं. इतकी वर्षं ज्याची ड्रॉइंगं केली, ते तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. परतताना बसमध्ये तिचा स्टॉप चुकला. दोनदा.

पुढच्या महिन्यात आक्रीत घडलं. रेघाताईच्या ड्रॉइंगमध्ये चुका व्हायला लागल्या. एकात उतार विसरला, दुसऱ्यात आतला कोपरा गोल करायचा राहिला, तिसऱ्यात एक मापच गायब, चौथ्यात तर दोन. दर वेळी लाल पेन्सिलीनं मजकूर येई, आणि तो वाचून ती दिवसभर गुणगुणत असे.

शेवटी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर चार ड्रॉइंगं पसरली होती.

"वीस वर्षांत एक चूक नाही, आणि एका महिन्यात चार?"

रेघाताई कानापर्यंत लाल झाली. साहेबांनी पाचवं ड्रॉइंग काढलं.

"आणि हे बघा. यात काही चूक नाही, तरी मिस्त्री लिहितात, 'त्रिज्या बरोबर आहे, पण समक्ष बोलावं लागेल.' बरोबर आहे म्हणून बोलावणारा माणूस मी पहिल्यांदा पाहतोय! तुम्ही दोघं एकदाचं लग्न करा, नाहीतर चुका थांबवा. कागद झाडाला लागत नाही."

असं म्हणून त्यांनी स्वतः फोन लावला आणि तिच्या हातात दिला. पलीकडे करवत किंचाळत होती.

"मिस्त्री," रेघाताई हळूच म्हणाली, "साहेब म्हणतायत, आपण लग्न करावं."

"काय? करवत चालू आहे! मोठ्यानं बोला!"

"लग्न करता का, म्हणते मी!" रेघाताई ओरडली. बाहेर बाराच्या बारा टेबलांवरच्या माना वळल्या. शिपायाच्या हातातला ट्रे कलला.

करवत थांबली. मग मिस्त्रींचा आवाज आला, "आता नीट ऐकू येतंय. परत एकदा म्हणा."

"लबाड माणूस! ऐकलंत तुम्ही!"

"ऐकलं. हो तर हो. पण परत म्हणा."

तिनं परत म्हटलं. ऑफिसात टाळ्या पडल्या, आणि बहिणीला कळलं तेव्हा ती तब्बल मिनिटभर गप्प बसली. हा तिचा विक्रम होता.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. मिस्त्रींच्या घरातल्या भिंतीत एक कोनाडा होता, तिथं कपाट हवं म्हणून रेघाताईनं ड्रॉइंग केलं. कोनाडा बाराशे मिलिमीटर, कपाट अकराशे पंच्याण्णव. मिस्त्रींनी जीव ओतून, सागवानात कपाट घडवलं. चौघांनी उचलून आणलं, आणि ते आत जाईना.

"तुमचं माप चुकलं," मिस्त्री म्हणाले.

"माझं?" रेघाताईनं टेप लावली. कपाट बाराशे सातच्या जवळपास. मग तिनं त्यांच्या खिशातली पट्टी काढून टेपशेजारी धरली, तर दोन्हींवरच्या रेघा जुळेनात.

ओतीव लोखंड थंड होताना शंभराला एक आकसतं. म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी मुळातच तेवढी लांब असते. मिस्त्रींनी कपाट त्याच पट्टीनं मोजलं होतं.

"अहो, लाकूड कुठं थंड होऊन आकसणार होतं?" हसून हसून तिला धाप लागली. मिस्त्रींनी पट्टीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. उचलायला आलेले शेजारी तर कपाटाला टेकूनच खिदळत होते.

कपाट आता त्यांच्या व्हरांड्यात उभं आहे. घरात जायचं तर त्याच्या बाजूनं तिरकं होऊन जावं लागतं. बहीण दर रविवारी येते, तिरकी होते, आणि आत पोचेपर्यंत बोलतच असते.