तेराकाच्या खड्ड्यातलं गुपित

माझी सासू तेराका कधी कुणाशी गोड बोलली नाही. पण गोडं पाणी लागेपर्यंत खणलेल्या तिच्या खड्ड्यातलं बाबाई, म्हणजे आमच्या किरिबाती बेटांवरचं पुरुषभर उंच अळू, साऱ्या बेटावर नावाजलेलं. त्याला कुठला पाला कसा कुजवून घालायचा, हे ज्या-त्या घराचं गुपित. मी पडले सून, परक्या घरची. खत घालायची वेळ झाली की सासू म्हणायची, "जा, नारळ सोल." इतकी वर्षं मी नारळच सोलत आले. राग यायचा, खोटं कशाला बोलू?

मग खड्ड्यातलं पाणी खारट झालं. नवऱ्याने किनाऱ्याला दगडांचा बांध घातला, पण पाणी खालून, वाळूतून वर येत होतं. दक्षिणेकडे समुद्रातले बर्फाचे कडे तुटताहेत, त्यांच्यामागचा जमिनीवरचा बर्फ पाण्यात उतरतोय, असं रेडिओवर सांगत होते. सासूने बर्फ पाहिलेला तो मासळीच्या पेटीतला.

"त्याला म्हणावं, जरा दम धर," ती म्हणाली. "माझी रोपं हलवू दे."

तीनच रोपं जगली होती. ती गेली की घराण्याचं वाण संपलं. सासूने ती उपटली, टोपली माझ्या डोक्यावर दिली आणि थेट म्हाताऱ्या कामोरिकीचं घर गाठलं. त्याचा खड्डा बेटाच्या मध्यावर, अजून गोड्या पाण्याचा. मोठं बाबाई कुणाचं, यावरून दोन्ही घरांचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं.

"वाट चुकलीस का गं, तेराका?"

"एक कोपरा दे. तीन रोपांपुरता."

म्हाताऱ्याने टोपलीतली रोपं चाचपून पाहिली. मग आम्हाला खड्ड्यात घेऊन उतरला. "इथे लाव. खत तूच येऊन घाल, मी पाठ फिरवून बसेन."

"माझे गुडघे कुठवर चालणार? ऐक, सांगते."

त्याने चक्क कानांत बोटं घातली. दुसऱ्या घरचं गुपित ऐकणं म्हणजे चोरीच. सासूने त्याचे हात खाली ओढले.

"माझा खड्डा गेला. उद्या तुझाही जाईल. मग रोपं आणखी कुणाकडे न्यायची, त्यालाही सांगायचं. पण ही जगलीच पाहिजेत!"

रोपांपाशी टेकलेली मी सवयीने उठले. "आई, मी नारळ सोलते."

"बस खाली!" ती खेकसली. "हाही खड्डा गेला की रोपं नेणार कोण? मी?"

आणि तिने सगळं सांगितलं, माझ्याकडे बघून. माझे डोळे भरून आले.

"रडायचं तर वर जा," ती म्हणाली. "इथे खारं पाणी नको."