डावी बाजू

मी योगाला गेले ती कमरेसाठी. लातूरला आमची मुलींची मेस आहे. क्लासेससाठी गावोगावहून आलेल्या मुली दोन्ही वेळा जेवायला येतात, आणि पोळ्यांचा तवा मी आजवर कुणाच्या हाती दिलेला नाही. वर्षानुवर्षं ओट्यापुढं उभं राहून कंबर अशी धरली की सकाळी उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला आणि शेवटी सांगितलं, योगा करा. माझं माहेर निलंग्याकडचं. तिथं रानात दिवसभर वाकणाऱ्या बायका पाहिल्या होत्या, पण सकाळी उठून मुद्दाम वाकणारं कुणी पाहिलं नव्हतं.

आमच्या कॉलनीतल्या समाजमंदिरात रोज सकाळी वर्ग चालायचा. शिकवणारे सर शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. सत्तरी ओलांडलेली, तरी पाठ ताठ, पांढरा पायजमा, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, आणि आवाज असा की मैदानाच्या टोकाला ऐकू जावा. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता गावोगावी हेडमास्तर आहेत, असं लोक सांगायचे.

पहिल्या दिवशी मी मुलीचा जुना पंजाबी ड्रेस घातला आणि घरातली सतरंजी काखेत मारून गेले. लाज वाटत होती म्हणून अगदी मागचा कोपरा धरला. तिथं प्लास्टिकच्या खुर्चीवर सरांची बायको बसलेली. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांचे गुडघे गेलेत, म्हणून त्या आसनं करत नाहीत, नुसत्या येऊन बसतात, असं शेजारणीनं सांगितलं. बाईंनी माझ्याकडं पाहून मान हलवली आणि खुर्ची जराशी सरकवून जागा दिली.

त्या दिवशी माझी चांगलीच फजिती झाली. खाली वाकले तर हात गुडघ्यांच्या पुढं जाईनात. एका पायावर उभं राहायला सांगितलं तर मी सरळ भिंतीवर जाऊन आपटले. सर पुढून चालत माझ्यापर्यंत आले, पाठीवर दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, "घाई न्हाई करायची. कंबर तुमचीच हाय, कुठं पळून जात न्हाई. नवीन आलात का?"

मी हो म्हणाले. त्या दोन बोटांनी माझी पाठ आपोआप सरळ झाली होती. शेवटी शवासनात पडले तेव्हा छताचा पंखा बघता बघता डोळे कधी मिटले कळलं नाही. घरी गेले ती जिना न थांबता चढले. मी जायला लागले ती त्या एका सकाळमुळं.

दुसऱ्या दिवशी सर पुन्हा जवळ आले. नवीन आलात का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, कालपासून येतेय सर. ते हसले. तिसऱ्या दिवशीही विचारलं. मला ती त्यांची गंमत वाटली. कमी येणाऱ्याला टोमणा मारायची शिक्षकांना सवय असते, आणि नळाला पाणी यायच्या दिवशी माझा खाडा व्हायचाच. पण महिना होत आला तरी प्रश्न तोच होता, आणि विचारताना त्यांच्या डोळ्यांत गंमत नसायची. अनोळखी पाहुण्याकडं बघावं तसं ते माझ्याकडं बघायचे, अदबीनं.

मी कोपऱ्यात होते म्हणून एक गोष्ट मला दिसली, जी पुढच्यांना दिसणं शक्य नव्हतं. बाई तोंडातल्या तोंडात पुटपुटायच्या. आता भुजंगासन. आता पाय बदला. आता पाठीवर. सुरुवातीला वाटलं, इतकी वर्षं ऐकून त्यांना पाठ झालंय आणि सवयीनं ओठ हलताहेत. मला नवशिकीला ते बरंच पडायचं, पुढं काय येणार ते आधी कळायचं. मग एकदा मान वळवायच्या आसनात माझी नजर सरांवर गेली. प्रत्येक आसनाआधी ते वर्गावरून नजर फिरवायचे. पुढच्यांना वाटायचं, सर सगळ्यांकडं लक्ष देताहेत. पण ती नजर आमच्या डोक्यांवरून येऊन माझ्या शेजारी थांबायची. ते बाईंच्या ओठांकडं बघायचे, आणि मग तेच शब्द त्यांच्या खणखणीत आवाजात वर्गभर घुमायचे.

मी बाईंकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

त्याच सुमारास माझं अंग एकांगी दुखायला लागलं. उजवी बाजू मोकळी झाली होती, डावी मात्र होती तशीच. पोळी लाटताना डावा खांदा वर चढलेला राहायचा. मला वाटलं, नवशिक्यांचं असंच होत असेल. माझ्या पुढ्यात बेकरीवाले भाई बसायचे. साठीचा गृहस्थ, तीन पिढ्यांची बेकरी, पहाटेची भट्टी उरकून तसाच वर्गाला यायचा, अंगाला खारीचा वास. त्रिकोणासन झालं की सर खाली बसायला सांगायचे, पण भाई लगेच बसायचे नाहीत. घाईघाईनं आणखी एकदा वाकायचे, दुसरीकडं. इतर जुनी माणसंही तसंच करायची, काही न बोलता. मी एकदा वर्ग सुटल्यावर भाईंना विचारलं, हे तुम्ही जास्तीचं काय करता.

भाईंनी चटई गुंडाळली. सर दाराशी चपला घालत होते, ते लांब जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "जास्तीचं न्हाई ताई. डावी बाजू हाय ती. सर इसरून राहिले. तुम्ही बी गपचूप करून घेत जा."

"कधीपासून?"

"त्ये काय इचारू नका," भाई म्हणाले आणि निघून गेले.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. रोज सकाळी पंचवीस-तीस माणसं एकत्र जमून एक गोष्ट माहीत नसल्यासारखं वागत होती, आणि त्यात आता मीही धरले गेले होते. दुसऱ्या दिवसापासून मीही डावीकडं गपचूप वाकायला लागले. आसनं तीच होती, सरांचा आवाज तोच होता, पण शवासनात डोळे मिटले की पूर्वीसारखं सैल पडता येईना. कान उघडे राहायचे. पुढचा शब्द यायला जरा उशीर झाला तरी मी मनात आकडे मोजायला लागायचे.

मग एका दुपारी बाई आमच्या मेसवर आल्या. मुली जेवून गेल्या होत्या, मी ताटं विसळत होते. बाई पूर्वी कधी आल्या नव्हत्या. गुडघ्यांवर हात ठेवून पायऱ्या चढल्या, पाणी प्याल्या, इकडचं तिकडचं बोलल्या. नांदेडला त्यांचा मुलगा राहतो, सुनेला दवाखान्यात ठेवलं होतं, लहान लेकराकडं बघायला कुणी नव्हतं. त्यांना जावं लागणार होतं. सरांना बरोबर का नेत नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, दवाखान्याची धावपळ, त्यात परकं घर, हे तिथं बावरतात. इथं शेजारीण दोन्ही वेळचं जेवण देईल. राहिला प्रश्न वर्गाचा.

"तुम्हाला क्रम पाठ झालाय ना आता?" त्यांनी विचारलं. "माझ्या खुर्चीवर बसा. नुसते ओठ हलवायचे. ते बघतील."

मी म्हटलं, बाई, मी आत्ता शिकायला लागलेय, एखाद्या जुन्या माणसाला सांगा.

"जुनी माणसं त्यांच्या तोंडाकडं बघून रडतील," बाई म्हणाल्या. "तुम्हाला ते आधी कसे होते ठाऊक न्हाई. तुम्हाला जमेल."

नाही म्हणता आलं नाही.

पहिली सकाळ निभावली. खुर्चीत बसून मी ओठ हलवत होते आणि सरांची नजर माझ्यावर खिळलेली होती. ती नजर मला ओळखत नव्हती, तरी माझ्यावर पूर्ण विसंबली होती. मी डावी बाजूही सांगितली. सरांनी ती मोठ्यानं म्हटली आणि वर्गात जराशी चुळबुळ झाली. कितीतरी दिवसांनी सगळे एकदम डावीकडं वाकले. भाईंनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. मला उगीच वाटून गेलं की हे असं चालू शकतं.

दुसऱ्या सकाळी आसनं नीट झाली. प्राणायाम एक दिवसाआड असायचा, तो आज होता. मग सगळे मांडी घालून बसले आणि सर म्हणाले, प्राणायाम. डोळे मिटा. मीही मिटले. मी आजवर प्राणायाम डोळे मिटूनच केला होता, त्यामुळं त्या वेळी बाई काय करत असत ते मला माहीतच नव्हतं. सर म्हणाले, श्वास आत घ्या. घेतला. म्हणाले, रोखा.

मी रोखला. सोडा, या शब्दाची वाट बघत राहिले. पंख्याचा कटकट आवाज येत होता. बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं. शब्द आला नाही. छाती भरून आली, कानशिलं उडायला लागली. मी डोळे उघडले. समोर सगळी माणसं ताठ बसलेली, डोळे मिटलेले, चेहरे लाल झालेले, आणि कुणीही श्वास सोडत नव्हतं. त्यापलीकडं सर माझ्याकडं बघत होते. ते किती वेळ बघत होते कोण जाणे. त्यांनीही श्वास धरला होता. मानेच्या शिरा टम्म फुगल्या होत्या आणि डोळ्यांत भीती होती. पुढं काय करायचं असतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"सोडा," मी ओरडले.

एकदम सगळ्यांचे श्वास सुटले. कुणी खोकलं, कुणी जमिनीवर हात टेकले. सर धापा टाकत उठले. आमच्याकडं, रिकाम्या भिंतींकडं पाहिलं आणि म्हणाले, "पोरं कुठं गेली?" कुणी उत्तर द्यायच्या आत ते बाहेर पडले. आम्हाला वाटलं, पाणी प्यायला गेले असतील. थोड्या वेळानं मी दाराशी गेले, तर त्यांच्या चपला तिथंच होत्या आणि रस्ता रिकामा होता.

घराला कुलूप होतं. शेजारणीनं पाहिलं नव्हतं. भाईंनी स्कूटर काढली आणि मी मागं बसले. आम्ही चौक पाहिला, बाग पाहिली, दूध डेअरीपर्यंत जाऊन आलो. मोठ्या रस्त्यावर ट्रक आला की माझी नजर त्याच्या चाकांकडं जायची. शेवटी भाई म्हणाले, स्टँड बघू, नोकरीत असताना सर निलंग्याच्या शाळेला तिथूनच जायचे. तिथं निलंग्याची गाडी लागली होती, आणि खिडकीशी सर बसले होते, अनवाणी, हात मांडीवर ठेवून. कंडक्टर वैतागला होता. तो म्हणाला, हे बाबा तिकीट काढेनात, प्रार्थनेच्या आत शाळेत पोचवा म्हणतात.

भाई गाडीत चढले. सरांच्या शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला.

"सर, आज सुट्टी हाय."

"कशाची?"

"ते मला न्हाई माहीत. पण शाळा बंद हाय. मी आत्ताच बघून आलो."

सरांनी थोडा विचार केला आणि निमूट उतरले. भाईंनी स्कूटर स्टँडवरच ठेवली. रिक्षात सर आमच्या दोघांच्या मधे बसले होते. वाटेत त्यांनी माझ्याकडं वळून फार मऊ आवाजात विचारलं, आपली ओळख झाली आहे का. मी म्हटलं, हो सर, मी तुमची विद्यार्थिनी. ते खूश झाले. कोणत्या बॅचची, म्हणाले.

आम्ही फोन केला, तशा बाई त्याच संध्याकाळी नांदेडहून परत आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी रागावावं असं मला वाटत होतं. त्या खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवत राहिल्या. सर आतल्या खोलीत टीव्हीपुढं बसले होते, टीव्ही बंद होता.

"डॉक्टरांनी कवाच सांगितलंय," बाई म्हणाल्या. "पण मला वाटायचं, वर्ग चालू हाय तवर हे हायत."

वर्ग बंद झाला. आठ-दहा दिवसांत मुलगा टेम्पो घेऊन आला आणि ते घर रिकामं झालं. टेम्पोत पुढं बसताना सरांनी सगळ्यांना नमस्कार केला, लग्नाहून निघताना करतात तसा. समाजमंदिरात पुढं एक तरुण शिक्षिका यायला लागली. ती चांगली शिकवते, दोन्ही बाजू करून घेते. मी जाते. कंबर आता बरी आहे.

दिवाळीनंतर भाई आणि मी नांदेडला जाऊन आलो. भाईंनी डबाभर नानकटाई घेतली होती. मुलाचं घर मोठं आहे, वरच्या मजल्यावर, खिडक्यांना बाहेरून जाळ्या. सर पलंगावर बसलेले होते. पाठ वाकली होती. तेच मला आधी दिसलं, कारण त्यांना तसं कधी पाहिलंच नव्हतं. भाईंनी नानकटाई हातात दिली ती त्यांनी खाल्ली. आम्हाला बघून ते पलंगाच्या कोपऱ्याकडं सरकत गेले, थेट भिंतीला टेकेपर्यंत, आणि बाईंनी हात धरला तेव्हा थांबले. बाई फार वाळल्या होत्या. आमच्याशी बोलताना मधेच थांबायच्या आणि सरांकडं बघायच्या.

निघताना त्या जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "पुढच्या खेपेला आधी फोन करा. अनोळखी माणसं आली की भितात."



संक्रांतीच्या सुमारास मी फोन केला. मुलानं उचलला. बाईंना द्या म्हटलं. आई झोपली आहे, म्हणाला. भर दुपार होती. नंतर करते, असं मी म्हणाले.

"नंतर नका करू काकू," तो म्हणाला. "तिला आता फोन घ्यायचा कसा, ते लक्षात येत नाही."