बिब्बा कुणाला उततो

भोकरदनच्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये मी सामान्य विज्ञान शिकवते. ऑक्टोपसला हृदये किती, रातांधळेपणा कोणत्या जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, असल्या प्रश्नांना चार पर्याय असतात आणि त्यातला एक बरोबर असतो. या शिस्तीची मला इतकी सवय झालीय, की घरात कुणी नुसतं "बघू" म्हटलं तरी माझं डोकं फिरतं. बाळंतपणाला टेंभुर्णीला माहेरी गेले आणि लेक झाल्यावर थोड्याच दिवसांत माझ्यापुढं असा प्रश्न आला, की चारही पर्याय चूक वाटायला लागले.

एका सकाळी कानामागं खाज सुटली. संध्याकाळपर्यंत कान, जबडा आणि हनुवटीखालचा पट्टा लाल झाला. दुसऱ्या दिवशी त्यावर पाण्यानं भरलेले फोड आले, डोळे सुजून बारीक झाले. आरशात बघितलं आणि मी घाबरलेच. पण खरी भीती माझ्या तोंडाची नव्हती. लेक भुकेनं रडत होती आणि तिला अंगावर पाजावं की नाही, हे मला कळत नव्हतं.

शेजारी राहणाऱ्या चुलतीला मात्र सगळं कळत होतं. दारातूनच बघून ती म्हणाली, "बिब्बा उतला हिला. लाडूत गोडंबी हाय ना? तीच बाधली. पोरीला पाजू नको बिलकुल. दुधातून उतरतंय सगळं."

बिब्ब्याच्या टरफलातलं काळं तेल अंगाला लागलं की कातडी भाजल्यासारखी उठते. त्याला उतणं म्हणतात. आणि त्याच टरफलाच्या आत गोडंबी असते, बदामासारखी, जी बाळंतिणीला ताकद यावी म्हणून डिंकाच्या लाडवात घालतात. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, हे मी फळ्यावर कित्येकदा लिहिलंय. पण वर्गात विष एका पानावर असतं आणि पोषण दुसऱ्यावर. इथं दोन्ही एकाच फळात, आणि ते फळ माझ्या पोटात. बरं, लाडू तर मी पहिल्यापासून खात होते, मग आजच काय झालं? आईनंही खाल्ले, तिला का नाही? विचार करून करून डोकं भणभणलं.

आई लाडवाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. "मी एक एक निवडून घेतल्ती गं गोडंबी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "टरफलाचा कण न्हाई त्यात." तिचे डोळे भरून आले तशी मला चुलतीचाच राग आला. तरी पाजायची हिंमत होईना. वडिलांनी मेडिकलमधून पावडरच्या दुधाचा डबा आणला. लेकीनं चमचा जिभेनं बाहेर ढकलला. माझी छाती दगडासारखी झाली होती, दूध आपोआप गळत होतं, आणि ते पदरानं पुसताना मला स्वतःचीच किळस येत होती.

संध्याकाळी डॉक्टरबाईंकडं गेलो. त्यांनी माझी मान उजेडाकडं वळवली. "आधी पोरीला पाजा," त्या म्हणाल्या. "दुधातून काही जात नाही, फोडातल्या पाण्यानंही पसरत नाही. हे खाण्यातलं दिसत नाही, काहीतरी लागलंय. बघा ना, कानावरून हनुवटीखाली बराबर पट्टा आलाय. कानाला काय बांधता?"

तिथंच बाकावर बसून मी लेकीला घेतलं. ती अशी तुटून पडली की मला रडू फुटलं.

कानाला मी वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा बांधत होते. बाळंतिणीच्या कानाला वारा लागू नये आणि कापड मऊ हवं, म्हणून त्यांनीच ते धोतर फाडून दिलं होतं. लेकीचे लंगोटही त्यातलेच. तुकड्याच्या काठाला काळे ठिपके होते. आईनं नजर लागू नये म्हणून काजळाचं बोट लावलं असेल, असं मी समजले होते. आईला वाटलं, मीच लावलं. घरी आल्यावर तिनं काठीनं तुकडा उचलून गरम पाण्यात बुडवला, साबण ओतला. ठिपका हलला नाही; काजळ असतं तर निघालं असतं, बिब्ब्याचा डाग निघत नाही. तशी आई गोठ्याकडं बघायला लागली.

गोठ्यात बैलाचा खूर चिरला होता. वडील दाभणाला बिब्बा टोचून दिव्यावर धरत आणि सुटलेल्या तेलाचा थेंब चिरेत सोडत. हात राखेनं घासून ते घरात येत. त्यांच्या मते ते हात स्वच्छ असत. धोतर त्यांनी त्याच हातांनी फाडलं होतं.

आईनं तुकडा दाखवला तेव्हा त्यांनी आधी आपले तळवे बघितले, मग हात उलटे करून बघितले. "मला तर कधीच काई झालं न्हाई," ते म्हणाले. "बैलालाबी न्हाई. मंग हिलाच कसं?"

काहींचं शरीर दाद देत नाही, काहींचं आधीच्या स्पर्शानं चिडून बसतं आणि पुढच्या वेळी उसळतं. हे मला पाठ आहे. पण त्यांच्याकडं बघून सांगताना माझी जीभ अडखळली. आईनं दिव्याजवळ लेकीला उघडं करून कुशीपासून टाचेपर्यंत न्याहाळलं. कातडी निर्मळ होती. लंगोट आई चुलीत घालायला निघाली, मी ओरडले, "जाळू नकोस, धूरही उततो!" मग वडिलांनी परसात खड्डा खणून सगळं पुरलं.

त्या दिवसापासून ते खोलीत यायचे बंद झाले. उंबऱ्याबाहेर, हात पाठीमागं बांधून उभे राहायचे आणि तिथूनच "काय करून राह्यली माझी बाई?" विचारायचे. लेक हसली म्हणून बोलावलं तर "हितून दिसतंय" म्हणायचे. बिब्ब्याला हात लावणंही सोडलं, तिकडं बैल लंगडत होता. मी चिडलेच एकदा. "बैलानं काय घोडं मारलंय तुमचं?" मेडिकलमधून रबरी हातमोज्यांचं खोकं मागवून त्यांच्या हातात ठेवलं. "हे घाला आणि काम करा." ते खोकं घेऊन गेले.

माझ्या तोंडामुळं बारसं लांबलं होतं. फोड वाळल्यावर ते एकदाचं ठरलं. त्या सकाळी वडील पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आले. धुतलेली टोपी, नवा सदरा, आणि दोन्ही हातांत मनगटापर्यंत रबरी मोजे. हात पुढं करून म्हणाले, "दे आता."

"बाबा, हे बैलासाठी दिल्ते मी."

"बैलाला कशाला? त्याला डॉक्टरचं मलम चालू हाय. बिब्बे पुरले मी सगळे."

"पहाटेपासून घालून बसलेत," आई मागून म्हणाली.

मला हसू आलं. मी मोजे धरून ओढले. ते निघेनात, घामानं चिकटले होते. शेवटी ओढून काढले, तर आतले हात पांढरे पडून सुरकुतले होते, भिजत घातलेल्या शेंगदाण्यासारखे. त्यांनी ते मागं घ्यायच्या आत मी लेकीला त्या हातांवर ठेवलं.

त्यांनी बोटं मिटली नाहीत. तळवे सपाट ठेवून, श्वास रोखून ते तिच्या गालाकडं बघत राहिले. तिनं एक जांभई दिली.

"काई होऊन राह्यलं का गं हिला?" त्यांनी मला विचारलं.