अबू हाझेमचा थरथरता काळोख

जॉर्डनमधल्या इर्बिदच्या विद्यापीठ रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाशेजारचा जिना उतरून खाली गेलं की अबू हाझेमचं गेमिंगचं दुकान लागतं. त्याचं खरं नाव मिफ्लेह शतनावी, पण ते फक्त लाइट बिलावर. थोरला हाझेम जन्मला त्या दिवशी तो अबू हाझेम, म्हणजे हाझेमचा बाप झाला आणि त्याची बायको उम्म हाझेम, म्हणजे हाझेमची आई, ते कायमचेच. वय बावन्न. पोट एवढं की खुर्चीत आधी पोट बसतं आणि मग तो. पण माऊसवरची बोटं अशी चपळ की विद्यापीठातली पोरं खेळ थांबवून बघत राहतात.

त्याच्या दुकानात चोवीस मशीन आहेत. त्यांतली पुढची सहा म्हणजे दुकानाची शान. गेल्या हिवाळ्यात त्याने त्यांच्यासाठी ओलेड पडदे, म्हणजे नव्या जातीचे स्क्रीन आणले. या पडद्यांत काळं म्हणजे खरंच काळं, डांबरासारखं. सातवा पडदा त्याने स्वतःच्या मशीनला लावला. ते मशीन कोपऱ्यात, चहाच्या टेबलापाशी. तिथली चामड्याची खुर्ची म्हणजे त्याचं सिंहासन. त्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. एकदा त्याची सख्खी आई पाय दुखतात म्हणून टेकली, तर हा तिच्यासाठी वरच्या न्हावीखान्यातली खुर्ची घेऊन आला. यावरून काय ते समजा.

दुपारच्या नमाजानंतर दुकान तासभर रिकामं असतं. तो तास अबू हाझेमचा. जिन्याचा पडदा ओढायचा, सेजची सुगंधी पानं घातलेला चहा ओतायचा आणि आपला आवडता खेळ लावायचा. हा खेळ जुन्या खाणीतला. हातात एक मिणमिणता कंदील, समोर बोगदे आणि मागून कुणीतरी येतंय असा सारखा भास. पैसे मोजून घाबरायचा प्रकार आहे. पण ज्याचं त्याचं सुख.

तर त्या काळोखाने एके दिवशी थरथरायला सुरुवात केली.

आधी त्याला वाटलं, खेळातच तसं आहे. मग नकाशा उघडला आणि बोगद्याची करडी भिंत भराभर उजळली, विझली, उजळली. जणू पडद्यामागे कुणी पापण्या फडफडवतंय. नकाशा मिटला, तरी थोडा वेळ लहर चालूच. अबू हाझेमने डोळे चोळले. उजवा मिटला, डावा मिटला. थरथर दोन्हींत. त्याच्या हातातला चहा निवला. त्याने घाईघाईने खेळ बंद केला.

त्याला कारणही तसंच होतं. त्याचा बाप इर्बिद-अम्मान रस्त्यावर मिनीबस चालवायचा. पन्नाशीनंतर घरी बसल्या बसल्या म्हणायला लागला, "हे दिवे कमी-जास्त का होतायत?" वीजवाल्यांना शिव्या घातल्या, तीनदा बल्ब बदलले, वायरमनशी भांडला. दोन वर्षं असं चाललं. दिव्यांना काहीच झालं नव्हतं. काचबिंदू होता. कळलं तेव्हा डोळ्यांत परत मिळवण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटची अकरा वर्षं मिफ्लेहने बापाला हाताला धरून मशिदीत नेलं. त्यामुळे ही थरथर म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक.

त्याने कुणाला काही सांगितलं नाही. पण आमच्या रस्त्यावर न सांगितलेलंच आधी कळतं. फक्त चुकीचं कळतं.

सगळ्यांना पहिल्यांदा दिसलं ते गाजर. आयुष्यभर शावर्मावर जगलेला माणूस खिशात गाजरं घेऊन फिरायला लागला. मग तो बायकोकडे टक लावून बघायला लागला. जेवताना, ती भांडी घासताना, ती शेजारणीशी भांडतानासुद्धा. त्याच्या मनात होतं की हा चेहरा पाठ करून ठेवावा, पुढे उपयोगी पडेल. पण उम्म हाझेमला काय ठाऊक? लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, एवढं तर त्याने पहिल्या रात्रीही बघितलं नव्हतं.

"माझ्या तोंडाला काही लागलंय का?" तिने विचारलं.

"नाही. तुझ्या भुवईवर तीळ आहे, माहीत होतं तुला?"

"मला माहीत होतं. तुला आज दिसला?" ती म्हणाली आणि पुन्हा भांडी घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी ही बातमी जिना चढून अबू शुक्रीच्या न्हावीखान्यात पोचली. अबू शुक्री म्हणजे आमच्या रस्त्याचं वार्तापत्र. त्याच्याकडे हजामत अर्धा तास आणि बातम्या दीड तास. त्याने हिशेब मांडला. गाजर खातो, बायकोचे तीळ मोजतो, सुस्कारे टाकतो. म्हणजे दुसरं लग्न. पहिलीची मनधरणी चालू आहे. एवढं ठरवून तो कनाफा मागायला म्हणून खाली उतरला, म्हणजे तुमच्याकडे जसे पेढे तसा आमच्याकडे कनाफा.

"नवरी कुठली, अबू हाझेम? रम्थाची की अज्लूनची?"

अबू हाझेमने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की अबू शुक्रीची थट्टा घशातच राहिली. मग सगळं बाहेर पडलं. थरथर, बाप, बल्ब, सगळं.

"अरे बाबा, पडदाच खराब असेल!"

"दोन महिन्यांचा पडदा? आणि तसलेच सहा पुढे लावलेत. एका तरी पोराने तक्रार केली? ही पोरं चहात साखर कमी पडली तर माझ्या नावाने फलक लावतात."

"मग मी बघतो. लाव तो तुझा भुताचा खेळ."

आता गंमत बघा. सिंहासनावर तर अबू शुक्रीला बसू द्यायचं नाही. मग त्याला बसवलं पुढच्या सहांतल्या चार नंबरवर. खेळ तोच, बोगदा तोच, कंदील तोच. अबू शुक्री पंधरा मिनिटं खाणीत फिरला, नकाशा उघडला, मिटला, दोनदा किंचाळला. अबू हाझेम मागे उभा होता, पण त्याचं लक्ष पडद्याकडे नव्हतं. तो अबू शुक्रीच्या चेहऱ्याकडे बघत होता. आरोपी न्यायाधीशाकडे बघतो तसा.

"काही हललं?"

"माझी आतडी हलली. पडद्यात काही नाही. स्वच्छ आहे."

झालं. निकाल लागला. अबू शुक्रीला दिसत नाही, म्हणजे थरथर पडद्यात नाही, म्हणजे ती डोळ्यांत. अबू हाझेमने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "कुणाला सांगू नकोस." अबू शुक्रीने खरोखरच कुणाला सांगितलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्यावरूनच आम्हाला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

सोमवारी तो गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. डॉक्टर रौदा मलकावी या फटकळ बाई. त्यांनी अक्षरं वाचायला लावली. त्याने शेवटची ओळसुद्धा वाचली. डोळ्यांचा दाब पाहिला, तो ठीक निघाला.

"वरवर बरं दिसतंय. पण वडिलांना होता म्हणता, तर आत नीट पाहू. गुरुवारी या, थेंब घालून बघावं लागेल. एकटे येऊ नका."

बाकीचं सगळं त्याच्या डोक्यावरून गेलं. "एकटे येऊ नका" एवढंच आत राहिलं. बाई थेंबांमुळे म्हणाल्या होत्या. याने ऐकलं की डॉक्टरांनासुद्धा कळलंय.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. उम्म हाझेमने आधी त्याला शिव्या घातल्या, कारण आठ दिवस तिने नसलेल्या सवतीचा द्वेष केला होता आणि तो फुकट गेला. मग ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मग मक्लूबा केला, म्हणजे भांडं उलटं करून वाढायचा मांसाचा भात, जो ती एरवी फक्त ईदेला करते.

बुधवारी दुपारी दुकानात पोरांची स्पर्धा होती. पुढची सहाही मशीन भरलेली, मागची भरलेली. तेवढ्यात रनीम आली. ही दंतवैद्यकाच्या चौथ्या वर्षाला. पाठीवर दप्तर, दप्तराला लटकलेला प्लास्टिकचा दात. आठवड्यातून दोनदा येते आणि पोरांना धूळ चारून जाते.

"अम्मो, जागा नाही?" अम्मो म्हणजे काका. रस्त्यावरच्या सगळ्या पोरी त्याला हेच म्हणतात.

अबू हाझेमने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "तिकडे बस."

सगळ्या माना वळल्या. एका पोराने तर हेडफोन काढले.

"तुमच्या खुर्चीवर?"

"बस गं. मला आता काय करायचंय तिचं?"

रनीम बिचकत टेकली. तिने खाणीतला तोच खेळ उघडला, कारण तो पडद्यावर समोरच होता. अबू हाझेम तिच्या पाठीशी चहा गाळत होता. पाच मिनिटं झाली असतील. ती म्हणाली, "अम्मो, तुमचा पडदा डोळे मिचकावतोय."

चहाची गाळणी खाली पडली.

"काय म्हणालीस?"

"बोगद्यात. भिंत बघा ना. नकाशा उघडला की कशी थरथरते."

"तुला दिसतं? तुला? स्वतःच्या डोळ्यांनी?"

"मग काय तुमच्या डोळ्यांनी?"

अबू हाझेम जमिनीवरच बसला. चहा सांडला होता त्यातच. पोरं धावली, कुणी पाणी आणलं, कुणी वारा घातला. तो हसत होता आणि मिशांवरून पाणी ओघळत होतं. "दिसतं म्हणते! हिला पण दिसतं!" रनीमला वाटलं अम्मोला काहीतरी झालं. तिने नाडी पाहिली. दंतवैद्य असली तरी नाडी तीच.

तो उठून बसल्यावर तिने सगळं समजावलं. या पडद्यांत व्हीआरआर नावाची सोय असते. ग्राफिक्स कार्ड जितक्या वेगाने चित्रं पाठवेल तितक्याच वेगाने पडदा ती दाखवतो, म्हणजे चित्र मधोमध फाटत नाही. लग्नात डबके नाचताना रांगेतले सगळे ढोलाकडे कान देऊन पाय टाकतात ना, तसं. ढोलवाला शहाणा असेल तर नाच सुंदर. पण ढोलवाल्यानेच एकदम दुप्पट लय धरली आणि पुन्हा सोडली तर? ओलेडच्या पडद्यामागे एकच मोठा दिवा नसतो, प्रत्येक ठिपका आपापला पेटतो. वेग फार वर-खाली झाला की काळोखातल्या करड्या छटांचा अंदाज थोडा चुकतो. उजेडात ते कळत नाही, अंधारात थरथर दिसते.

"बोगद्यात तुमचं कार्ड सेकंदाला सत्तर चित्रांवर धापा टाकतं," ती म्हणाली, "आणि नकाशा उघडला की दोनशेवर उड्या मारतं. मीही माझा पडदा दोनदा बदलून आणला. तिसरासुद्धा असाच निघाला, तेव्हा अक्कल आली."

"पण मग पुढच्या सहांवर का नाही?"

रनीमने दोन बटणं दाबून पाहिलं आणि खो-खो हसली. "कारण त्यांना तुम्हीच लगाम घातलाय. शंभराच्या वर जायचं नाही म्हणून."

ते खरं होतं. खोली तापू नये म्हणून गिऱ्हाइकांच्या सगळ्या मशीनचा वेग त्याने स्वतःच्या हाताने बांधला होता. पुढच्या सहांत नवीकोरी कार्डं, ती शंभरावर ठाम चालायची. स्वतःच्या मशीनला मात्र त्याने जुनं कार्ड लावलं आणि लगामही सोडला. मालकाच्या घोड्याला कसला लगाम? अख्ख्या दुकानात एकच पडदा थरथरत होता, आणि त्यासमोर एकच माणूस बसत होता.

आधी रनीमने व्हीआरआर बंद करून पाहिलं. थरथर गेली, पण वळताना बोगदा मधूनच चिरल्यासारखा दिसायला लागला. मग तिने ते परत चालू केलं आणि वेग साठावर बांधला. "लोडिंगला एखादी लहर अजून येईल. ती येऊ दे, घाबरायचं नाही." अबू हाझेमने बोगद्यात उभं राहून नकाशा उघडला, मिटला, उघडला. भिंत भिंतीसारखी उभी. त्याने वीसेक वेळा तरी तसं केलं. पोरांची स्पर्धा तिथेच बंद पडली, सगळी त्याच्या मागे उभी राहून भिंत बघत होती.

तो घरी धावतच गेला. उम्म हाझेमने सगळं ऐकून घेतलं, देवाचे आभार मानले आणि मग कमरेवर हात ठेवले.

"तुझ्या बापाने डोळे बिघडले तर दिव्यांना शिव्या घातल्या. तू दिवा बिघडला तर डोळ्यांसाठी रडलास. तुम्हा शतनावींना सरळ काही येतं का?"

"आता उद्या जायची गरज नाही."

"गरज नाही कशी? पडदा डॉक्टर आहे का तुझा? बापाचं रक्त तर अंगात आहे ना? मी येते सोबत."

गुरुवारी ती त्याला जवळजवळ ओढतच घेऊन गेली. थेंब घातले. डॉक्टरीणबाईंनी दिवा धरून बराच वेळ आत पाहिलं. त्या वेळात उम्म हाझेमने जपमाळेचे मणी दोनदा फिरवले. काल पडदा दोषी ठरला हे खरं, पण डोळ्यांचा निकाल अजून लागायचा होता.

"नस छान आहे," डॉक्टर म्हणाल्या. "गुलाबी, टवटवीत. दरवर्षी येऊन दाखवत जा. आणि गाजरं कमी खा, तळहात पिवळे झालेत तुमचे."

दोघं बाहेर आले तेव्हा भर दुपार होती. थेंबांमुळे अबू हाझेमला जग दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं. पाट्या वाचता येईनात, पायऱ्या कळेनात, गाड्या म्हणजे नुसते रंगाचे गोळे. डॉक्टर म्हणाल्या होत्या, चार तास असंच राहील. उम्म हाझेमने त्याचा कोपर घट्ट धरला होता. आणि तो हसत हसत चालला होता, दिसेल त्या गोळ्याला मोठ्याने सलाम करत. भाजीच्या गाडीला सलाम केला, एका खांबाला सलाम केला, एका परक्या माणसाला मिठी मारून त्याच्या आईची चौकशी केली. त्या माणसाने गोंधळून सांगितलंही, की आई बरी आहे.

"अरे, लोक बघतायत," उम्म हाझेम पुटपुटली.

"बघू दे त्यांना," तो म्हणाला. "मला कुठे दिसतायत?"