जास्तीची भाजी

माय गेल्याला आज पंधरा दिवस झाले. भाऊ-भावजय कामाला परत गेले. मी गोंदियाच्या कॉलेजात ग्रंथालय सांभाळते, तिथून रजा वाढवून घेतली आणि गावातच थांबले. तिच्या वस्तू आवरायला रोज बसायचे आणि रोज एका पत्र्याच्या डब्याशी अडायचे. त्यात मूठभर वाळवलेली लाखोरीची पानं होती. धान निघाल्यावर बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, लाखोरी हे डाळीचं रोप उगवतं. त्याचे कोवळे शेंडे माय खुडायची, उन्हात वाळवायची आणि पावसाळ्यात लसूण नि तांदळाची कणी घालून शिजवायची. तिच्या हातचं एवढंच उरलं होतं. मी झाकण उघडायचे, वास घ्यायचे आणि पुन्हा लावून टाकायचे.

आठवड्यापूर्वीपर्यंत तरी असंच चाललं होतं.

आमचं गाव आमगावपासून जवळच. माझ्या लहानपणी माय रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, जायची. पंधरा-वीस बायकांची टोळी असायची, त्यात सगळ्या जातींच्या. चिखलात सगळ्या खांद्याला खांदा लावून वाकायच्या. शाळेला सुट्टी असली की मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून त्यांचं बोलणं ऐकायचे.

"हिची ओळ पाहा वं, सापावानी गेली!"

"तुह्या नवऱ्यापरीस सरळ आहे!"

मग चिखलातूनच हसू उसळायचं. मायच्या शेजारी नेहमी पोवार या शेतकरी जातीतल्या घरची एक बाई असायची. थोडीशी शेती, मोठं कुटुंब, म्हणून तीही रोवण्याला यायची. तिला मी काकू म्हणते.

दुपारी डबे सुटायचे आणि हात इकडून तिकडे जायचे. हिची चटणी तिला, तिचं वांगं हिला. मायलाही मिळायचं, पण वरून टाकलेलं, डब्याला हात न लागू देता. मायच्या डब्यातलं मात्र कुणी घेत नसे. आम्ही पूर्वीचे महार, आता बौद्ध. चिखलात चालत होतो, डब्यात चालत नव्हतो.

माय तरीही रोज एका माणसापुरती भाजी जास्त न्यायची. ती तशीच परत यायची आणि संध्याकाळी मला मिळायची. डब्यात दिवसभर मुरलेली लाखोरी मला फार आवडायची. माय दारात दिसली की मी धावत जाऊन विचारायचे, "कोनी नाही ना खाल्ली?"

"नाही वं बाई. तुह्याचसाठी ठेवली."

"बरं झालं!"

माय हसायची. मी सात-आठ वर्षांची असेन. ते "बरं झालं" मी किती वेळा म्हटलं असेल, कुणास ठाऊक.

मग एका वर्षी काकूनं नेहमीसारखी चटणी पुढे केली आणि मायनं डब्यावर हात ठेवला. मी तिथंच होते.

"नको. तुमचं मी खातो, माहं कोनी खात नाही. असं एकतर्फी आता नाही जमत."

टोळीची म्होरकी म्हणाली, "लई शिकली वं तू!"

"मी नाही शिकली. पोरगी शिकून राहिली."

त्या दिवसापासून तिनं कुणाचं काही घेतलं नाही. पण पाठही फिरवली नाही. सगळ्यांकडे तोंड करून, आपल्या डब्यातलं सावकाश खायची. आणि भाजी जास्तीचीच न्यायची. पुढे मोठी झाल्यावर मी चिडून विचारलं, "आता कायले नेतेस?"

ती म्हणाली, "कोनी हात पुढं केला आन डबा रिकामा असला तं?"

मागच्या आठवड्यात दुपारी काकू आली. पायांना रोवण्याचा चिखल, हातात डबा. मयताच्या घरी शेजारीपाजारी जेवण आणतात, त्याला कडू घास म्हणतात. आमच्या वस्तीतल्यांनी आणला होताच. काकू आठव्या दिवशी आली.

"घे वं पोरी. वांग्याची भाजी आन भात आहे."

मी हात पुढे केला आणि मध्येच थांबले.

"काकू, माय घेत नव्हती."

"मले ठाव आहे," ती म्हणाली. डबा तसाच धरून उभी राहिली. मग खाली बसली. "तुह्या घरी का शिजलं आज?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

मी पत्र्याच्या डब्याकडे पाहिलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. "लाखोरी आहे. मायनं वाळवलेली. शेवटचीच."

काकूनं आपला डबा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "टाक. मी बसतो."

लसूण जरा करपला. पानं पाण्यात फुगली तसा घरभर लाखोरीचा वास झाला. मी ताटात वाढून पुढे ठेवलं. काकूनं घास घेतला, चावला, डोळे पुसले नाहीत की काही नाही, सरळ बोलली, "मीठ कमी पडलं."

मी मीठ आणून दिलं.

"धुऱ्यावर हिचा वास ये," ती म्हणाली. "तुह्या मायच्या बाजूलेच बसो मी. कांदा खाऊ आन वास घेऊ."

"मग काऊन नाही घेतली?"

"पहिले सासू होती. मंग लोक होते. मंग तुह्या मायनं बंद केलं, तं कोन्या तोंडानं मागू?" तिनं घास कालवला. "मागाले पाहिजे होतं. तिनं देली असती."

"रोज तुमच्यापुरती आणायची," मी म्हटलं.

हे तिला ठाऊक नव्हतं. घास हातातच राहिला. मायनं तिला माफ केलं असतं का, ते मला सांगता येणार नाही, आणि मायच्या वतीनं सांगायला मी कोण?

काकूनं ताटातलं संपवलं आणि ताट पुन्हा पुढं केलं. "अजून आहे का वं?"

भांड्यात एका माणसापुरतीच उरली होती. मी ती माझ्यासाठी ठेवली होती. ती सगळी खरवडून तिच्या ताटात वाढली, भांडं बाजूला ठेवलं, आणि तिचा डबा उघडून तिच्यासमोर जेवायला बसले.