अर्ध्या शिक्क्याचं भांडण

आमचा दादा घड्याळं दुरुस्त करतो. निदान पाटीवर तसं लिहिलंय. प्रत्यक्षात डोळ्याला भिंग लावून दिवसभर जुन्या फ्रेंच टपाल तिकिटांवरचे शिक्के बघत बसतो, आणि गिऱ्हाइकांची बोलणी मी, त्याची बहीण, खाते. या खुळात त्याला साथ समोरच्या शिंप्याची. एकाला आवरावं तर दुसरा हजर.

तर, दोघांनी मिळून घेतलेलं एक निळं तिकीट. त्यावर ठिपक्यांच्या चौकटीत आकडा. पूर्वी तिकडे प्रत्येक टपाल कचेरीला नंबर असायचा म्हणे, तोच शिक्क्यात उमटायचा. आधी आकडे बारीक होते, पुढे मोठे आले आणि नंबर नव्याने वाटून दिले. म्हणजे तोच आकडा बारीक असेल तर एक गाव, मोठा असेल तर भलतंच. आमच्या तिकिटावरचा शिक्का अर्धवट, त्यात फासलेला. दादा म्हणे बारीक, शिंपी म्हणे मोठा. एवढ्यावरून दोन म्हातारे बोलायचे बंद झाले! दुकानं समोरासमोर आणि निरोप पोचवायला मी.

कडेला दाते असते तर तंटाच मिटला असता, कारण मोठे आकडे दातेरी तिकिटांच्या काळातले. पण शिंप्याने पहिल्याच दिवशी कात्रीने कडा सरळ करून टाकल्या होत्या. लोंबणारा दोरा त्याला बघवत नाही, तिथे दाते कसे बघवणार! कापताना ते दाते होते की नुसती फाटकी कड, हेही पाहिलं नाही; स्वतःचा पुरावा स्वतःच कापून मोकळा.

अशातच शिंप्याच्या लेकीने त्याला कायमचं आपल्याकडे न्यायचं ठरवलं. दादाला सांगितलं, तर ढिम्म. जाईना का, म्हणाला. पण ताटावरून अर्धपोटी उठायला लागला. आयुष्यभराचा एकुलता एक दोस्त चाललाय आणि हा आकड्याला कवटाळून बसलाय. असा संताप आला मला!

जायच्या दिवशी सकाळी भिंगातून बघता बघता दादाने मला हाक मारली. एका कोपऱ्यात कात्रीतून सुटलेला दाता शिल्लक होता. म्हणजे शिंप्याचंच खरं. मग जा की, सांग की त्याला! तर हा जागचा हलेना. शेवटी दंडाला धरून मी त्याला रस्ता ओलांडायला लावला.

शिंपी शिलाई मशीनवर चादर घालत होता. दादाने तिकीट पुढे केलं.

"तुझंच बरोबर. मोठाच आकडा आहे."

मला वाटलं, म्हातारा खूश होईल. त्याने तिकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. मटकन स्टुलावर बसला.

"आजवर कधी माझं ऐकलं नाहीस," तो म्हणाला. "आज ऐकतोयस. म्हणजे मी परत येत नाही, हे तुलाही कळलंय."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने तिकीट खिशात टाकलं.

"छे, बारीकच आहे," तो म्हणाला. "ही मागे लागली म्हणून बोललो. मोठा असेल तर परत येऊन सिद्ध कर."

शिंपी ताडकन उठला आणि भांडायला लागला. लेक बाहेर गाडीत खोळंबली होती. मी तिला हातानेच खुणावलं, जरा थांब.