लेकीला घातलेली शपथ

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गुन्ह्यातला, हे आठवायला वेळ लागतो. ती सकाळ मात्र अजून लख्ख आठवते. मी तेव्हा लोणावळ्यात पोलीस निरीक्षक होतो. हजेरी आटोपली होती, ठाणे अंमलदार डायरी माझ्यापुढे ठेवत होता आणि फोन वाजला. तुंगार्लीच्या बाजूला भाड्याने घेतलेल्या एका बंगल्यात एक इसम निपचित पडला होता आणि डॉक्टरांनी त्याला मृत घोषित केलं होतं. नाव लिहिता लिहिता अंमलदाराचा पेन थांबला. रिसीव्हरवर हात ठेवून त्याने ते मला सांगितलं.

ते नाव इथे लिहिणार नाही. ज्याच्या घरी कधीकाळी रेडिओ किंवा टेपरेकॉर्डर होता, त्याला तो आवाज माहीत आहे, एवढं पुरे. मी स्वतः तो आवाज पहिल्यांदा समोरून ऐकला तळेगावात, गणेशोत्सवाच्या बंदोबस्तावर. मी नवा फौजदार, तो नवा गायक. कार्यक्रम संपल्यावर किडकिडीत अंगाचा तो तरुण चहाचा ट्रे घेऊन स्वतः आमच्याकडे आला आणि म्हणाला, "आम्ही बसून गायलो, तुम्ही तीन तास उभं राहून ऐकलंत. जास्त कष्ट तुमचे." आमच्या पोलिसांना असं कोणी म्हणत नाही. माझ्याबरोबरच्या हवालदाराने तो किस्सा निवृत्त होईपर्यंत लोकांना सांगितला.

त्याच माणसाच्या मृतदेहाचा पंचनामा करायला मी निघालो होतो.

बंगला त्याने वर्षभरासाठी घेतला होता. मुंबई-पुण्याच्या गडबडीतून येऊन तो तिथे रियाज करायचा. पत्नी आणि अकरा वर्षांची मुलगी पुण्यात असायच्या. बंगल्यावर त्याच्याबरोबर त्याचा तबलजी राहायचा, पंचवीस वर्षांचा साथीदार. स्वयंपाकाला पवनेकडच्या गावातली एक मावशी होती. चहा घेऊन तीच पहिल्यांदा खोलीत गेली होती.

"म्या दोनदा हाक मारली साहेब. दादा, उठा म्हनलं. हात लावला तर गार," ती पदर तोंडाला लावून सांगत होती. "लय चांगला मानूस. गेलं तीन आठवडं हितंच व्हता. पैले चार दिस लय हाल झालं, घाम काय, उलट्या काय. म्या म्हनलं ताप आसंल. मंग तब्येत सुदारली. सकाळी पार धरणापातुर चालत जायचा."

खोली स्वच्छ होती. मला ती जरा जास्तच स्वच्छ वाटली. कोपऱ्यातली केराची बादली धुऊन पालथी घातली होती.

"मावशी, ही बादली तुम्ही धुतलीत?"

"न्हाई बा. म्या आजून झाडूबी हातात घ्येतला न्हाई."

पंचांसमक्ष मृतदेह तपासताना पायाच्या बोटांच्या बेचक्यांत सुईच्या खुणा दिसल्या. काही जुन्या होत्या, एक ताजी. पंचांपैकी एक जण त्याच्या गाण्यांचा भक्त होता. त्याने मान फिरवली. मी खुणांची नोंद केली, आकस्मिक मृत्यूचं प्रकरण दाखल केलं, मृतदेह शवविच्छेदनाला पाठवला आणि व्हिसेरा, म्हणजे रासायनिक तपासणीसाठी अवयवांचे नमुने, राखून ठेवायला सांगितला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत हृदयविकाराने निधन असं छापून आलं. तबलजीने तेच सांगितलं होतं. माझ्याकडे पुरावा नव्हता, म्हणून मी गप्प बसलो. त्या संध्याकाळी घरी माझ्या मुलाने विचारलं, "बाबा, ते कशाने गेले?" तो सातवीत होता. मी म्हणालो, "अटॅक आला." सवयीने म्हणालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाजारपेठेतले एक चिक्कीवाले चाचा पोलीस ठाण्यात आले. तीन पिढ्यांचं दुकान, बोलणं पक्कं पुणेरी वळणाचं. बराच वेळ ते टोपी हातात फिरवत बसले.

"साहेब, बोलू की नको, असं दोन दिवस चाललंय माझं. बंगल्यावरचे ते तबलेवाले माझ्या दुकानातून चिक्कीचा डबा न्यायचे. रिकामा. चिक्की नको, नुसता डबा द्या म्हणायचे. डबा पिशवीत टाकायचे आणि पुण्याची लोकल पकडायचे. दर आठवड्याला. मध्ये तीन आठवडे आले नाहीत. मग तेरवा आले, आणि दुसऱ्या दिवशी ही बातमी."

खबर देणारी माणसं बरीच पाहिली. काही वैरापोटी येतात, काही साहेबाशी ओळख व्हावी म्हणून येतात. हे चाचा मात्र स्वतःच्या दुकानाचा डबा भलत्या कामाला लागला, या दुःखाने आले होते. जबाबावर सही करून ते दुकान उघडायला गेले.

मी तबलजीला बोलावलं. पन्नाशी ओलांडलेला, स्वच्छ कपड्यांतला, हळू बोलणारा माणूस. चौकशीत मी आवाज चढवणाऱ्यांपैकी नव्हतो. समोरच्याला बोलू द्यावं आणि त्याचे हात बघावेत, ही माझी पद्धत. जुन्या मैफिलींबद्दल बोलताना त्याची बोटं मांडीवर आपोआप चालायची. डब्यांचा विषय निघाला की बोटं थांबायची.

"डबे पावडर आणि हातोडी ठेवायला लागतात साहेब."

"दर आठवड्याला नवा डबा?"

बोटं थांबली.

दोन दिवस तो येत राहिला, बसत राहिला, आणि हृदयविकाराच्या पुढे गेला नाही. प्रयोगशाळेचा अहवाल यायला बरेच दिवस लागणार होते. वरून फोन येत होते की घराण्याची अब्रू आहे, जास्त ताणू नका. खरं सांगायचं तर मलाही तो तपास नकोसा झाला होता. त्या आवाजाशी माझं तरुणपण जोडलेलं होतं.

गायकाच्या पत्नीचा जबाब राहिला होता. त्यासाठी मी पुण्याला त्यांच्या घरी गेलो. घरात लहान मूल होतं, म्हणून साध्या कपड्यांत गेलो आणि बरोबर महिला हवालदार घेतली. बाईंनी सगळ्या प्रश्नांना शांतपणे उत्तरं दिली, पण इंजेक्शनबद्दल विचारताच त्या म्हणाल्या, "मला काही माहीत नाही. आणि माझ्या मुलीसमोर हा शब्द काढू नका. तिला पप्पांचं हृदय थांबलं एवढंच माहीत आहे."

मुलगी दारात उभी होती. कधीपासून, कोणाला कळलं नाही. दोन वेण्या, डोळे कोरडे. ती सरळ माझ्यासमोर आली.

"काका, मी आधी सांगितलं असतं तर पप्पा वाचले असते का?"

बाई उठल्या. महिला हवालदाराने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. मी मुलीला विचारलं, "काय सांगितलं असतं बाळा?"

तानपुऱ्याच्या गवसणीला आतून एक खिसा होता. वर्षभरापूर्वी तिने त्यात छोट्या बाटल्या आणि सुया पाहिल्या होत्या. वडील म्हणाले की ही पाठीच्या दुखण्याची शक्तीची औषधं आहेत, आईला सांगितलंस तर ती रडेल. त्यांनी तिला स्वतःची शपथ घातली होती. "तू सांगितलंस तर मी मरेन, असं म्हणाले होते," ती म्हणाली. "म्हणून मी नाही सांगितलं. तरी ते मेले. तबला काका चिक्कीच्या डब्यातून आणून द्यायचे. सुट्टीत बंगल्यावर गेले तेव्हा मी पाहिलं होतं."

त्या मुलीने वर्षभर ते ओझं एकटीने वाहिलं होतं. आम्ही सगळे मोठे, तिची आई, वर्तमानपत्रं आणि मीसुद्धा, तिला हृदयविकार सांगून ते तिच्याच खांद्यावर ठेवून निघालो होतो.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली, मग डोळे मिटले, मग हलकेच होकार दिला. मी खाली जमिनीवर मुलीसमोर बसलो.

"तुझे पप्पा वाईट नव्हते," मी म्हणालो. "त्यांची पाठ दुखायची, म्हणून औषध सुरू झालं. पण त्या औषधाची एक खोड आहे. ते दुखणं थांबवतं आणि मग आपल्यालाच धरून ठेवतं. दुखणं गेलं तरी ते जात नाही. मधले तीन आठवडे डबा आला नाही, म्हणजे पप्पांना ते सोडायचं होतं. ते आजारी होते आणि आजार लपवत होते. लपवल्यामुळे कोणाला मदत करता आली नाही. ती चूक मोठ्या माणसांची आहे. तुझी नाही."

"पण मी शपथ मोडली असती तर?"

"अशी शपथ लहान मुलांना घालायचीच नसते. कोणी घातली तर ती पाळायची नसते."

ती आईच्या कुशीत शिरली आणि मोठ्याने रडली. बाई मला नंतर म्हणाल्या की वडील गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडली होती.

दुसऱ्या दिवशी तबलजी आला. मी डब्यांचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणालो, "त्यांची मुलगी म्हणते, पप्पा तिच्यामुळे गेले. तिने वेळेवर सांगितलं नाही म्हणून."

त्याची बोटं थांबली. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून तो कोसळला. "तिच्यामुळे नाही हो साहेब. माझ्यामुळे."

त्यानंतर त्याला काही विचारावं लागलं नाही. गाडीच्या अपघातात गायकाच्या पाठीला मार बसला होता. रुग्णालयात वेदनाशामक इंजेक्शनं दिली, डॉक्टरांनी ती वेळेवर बंदही केली. पण तिथल्याच एका कामावरून काढलेल्या मदतनिसाने ती बाहेरून पुरवायला सुरुवात केली. "कार्यक्रमाच्या आधी त्याचे हात थरथरायचे. आज एकच दे, म्हणायचा. समोर लोक बसलेले असायचे. मी नाही म्हणू शकलो नाही," तबलजी म्हणाला. तीन आठवडे दोघांनी निश्चय करून सगळं बंद केलं होतं. मावशीने पाहिला तो ताप नव्हता, ते सोडतानाचे हाल होते. मग मोठ्या कार्यक्रमाची तारीख ठरली, गायक घाबरला आणि पुन्हा डबा आला. त्याने पूर्वीइतकंच घेतलं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मला पुढे समजावलं की मधल्या दिवसांत शरीराची सवय सुटलेली असते. जुनं प्रमाण त्याला झेपत नाही. सोडून पुन्हा सुरू करणारे असे कितीतरी जण जातात. पहाटे तबलजीने सुया, बाटल्या दरीत फेकल्या आणि बादली धुतली. मित्राचं नाव वाचवायला.

आमच्या सांगण्यावरून त्याने मदतनिसाला दुसरं गिऱ्हाईक आहे असा निरोप दिला. दोन दिवसांनी तबलजी नेहमीप्रमाणे रिकामा डबा घेऊन देहूरोड स्टेशनवर उतरला. दुपारची वेळ, लष्कराच्या डेपोतले कामगार घरी निघालेले. आम्ही त्यांच्यातच साध्या कपड्यांत, पंचांसह उभे होतो. मदतनीस आला, डबा बदलला आणि जागेवर पकडला गेला. अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, अहवालही आमच्या बाजूने आला, पुढे त्याला शिक्षा झाली. तबलजी माफीचा साक्षीदार झाला. साक्ष देऊन बाहेर आल्यावर तो कोर्टाच्या पायरीवर कितीतरी वेळ बसून होता. त्याला न्यायला कोणी आलं नव्हतं. मीच त्याला एसटी स्टँडवर सोडलं.

मदतनीस पकडला त्या आठवड्यात मी माझ्या मुलाला जवळ बसवून खरं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या दिवशी अटॅक का म्हणालात?"

निवृत्तीनंतर मावळातल्या शाळांमधून मी मुलांशी या विषयावर बोलतो. सुरुवातीला मी कलमं सांगायचो, शिक्षा सांगायचो, कवट्यांची चित्रं दाखवायचो. मुलं घाबरायची आणि गप्प बसायची. हळूहळू लक्षात आलं की घाबरलेलं मूल आपल्याला काहीच सांगत नाही. आता मी त्या गायकाची गोष्ट सांगतो, नाव न घेता. तो किती सुंदर गायचा तेही सांगतो. नशा करणारे सगळे वाईट असतात असं मुलांना सांगितलं, तर स्वतःच्या घरातलं प्रेमाचं माणूस त्यात असू शकतं हे त्यांना ओळखताच येत नाही.

मध्यंतरी सुदुंबऱ्याच्या शाळेत बोलून निघालो, तर नववीतली एक मुलगी गेटपर्यंत मागे मागे आली.

"सर, घरातलं कुनी घेत आसंल तर सांगायचं का? तुमी त्याला धरून न्याल ना?"

"मला आता कोणाला धरता येत नाही. मी रिटायर झालो. कोण आहे?"

ती पायाने माती उकरत राहिली. "दादा. कंपनीत जातो. रात्रपाळीला झोप येऊ न्हाई म्हनून गोळ्या चालू केल्या, आता त्याबिगर ऱ्हातच न्हाई. आईला वाटतं कामानं दमतोय. घरी येतो आन् ताट सरकवून झोपतो."

"चल," मी म्हणालो. "तुझ्या आईच्या हातचा चहा पिऊ."

वर्गशिक्षिकांना बरोबर घेऊन आम्ही तिघं निघालो. भाताच्या खाचरांच्या कडेने तिचं घर होतं. आईने घाबरून पाणी पुढे केलं, भाऊ आतल्या खोलीतून बाहेर यायला तयार नव्हता. मी उंबऱ्यावर बसून राहिलो. तासाभराने तो आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. त्या दिवशी तो दोनच वाक्यं बोलला. पुढच्या आठवड्यात मी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. एकदा तो उपचार अर्धवट टाकून परत आला. पुन्हा गेला.

परवा त्या मुलीचा फोन आला. काही विशेष नाही म्हणाली, असाच केला. ठेवता ठेवता म्हणाली, "सर, दादा आज आमच्यासंगं जेवला. दोन भाकऱ्या खाल्ल्या."